रुचिरच्या नावावर कुरडया

जयूवहिनी, पाया पडते.

आमच्या कॉलनीच्या बागेत बॉम्बस्फोटात गेलेल्यांचं स्मारक आहे. आडवी संगमरवरी लादी, त्यावर तुमच्या रुचिरचं नाव. मी त्याची सख्खी आत्या, आणि मीच तिथं जुनं धोतर पसरून कुरडया घातल्या. धूप तेज असते म्हणून, बस! तुम्ही न कळवता इंदूरहून आलात, वाकून धोतर सरकवायला लागलात. मी पाठीमागून खेकसले, “ओ बाई, अंधी आहेस का? कुरडया मोडतील!”

तुम्ही वळलात. नाव झाकलेलंच राहू देऊन म्हणालात, “वाळू दे गं, शैला.”

कुरडया गाईला घातल्या. हे पत्र टाकायची हिंमत होत नाही. वहिनी, तुम्ही शिव्या दिल्या असत्या, तर तुमच्या दारात येऊन रडता तरी आलं असतं.

तुमची नणंद,
शैला