साहेबांचे बूट आणि उलट्या हाताचा रेणू

ती. मामांना,

भाचीचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो की अर्ध्या जिन्यावरच मुक्काम असतो, ते कळवा. मामीची तब्येत विचारत नाही. विचारली की ती तुमचीच सांगते. इकडे सगळे ठीक. आणि (पुन्हा एकदा सांगते) आमच्या प्रयोगशाळेत मी मुडदे चिरत नाही. पोलिसांनी पकडून आणलेल्या पुड्यांमध्ये काय आहे ते सांगायचं, एवढंच माझं काम.

पण त्या कामानेच सध्या घाम फोडला. झालं असं, की मागे तंबाखूच्या एका दुकानातून ‘सुगंधी वनस्पती’ असं छापलेली चकचकीत पाकिटं जप्त झाली होती. आत वाळका पाला आणि त्यावर फवारलेलं, गांजाची नक्कल करणारं, कारखान्यातलं रसायन. ओढणाऱ्याला थोडं गरगरायचं, उगाच हसू यायचं, मग भूक लागायची, संपलं. त्यानंतर त्याच दुकानात हुबेहूब तशीच नवी पाकिटं आली आणि या वेळी माणसं पटापट कोसळायला लागली. त्यांत एक बसचालक होता. सुट्टीच्या दिवशी त्याने नेहमीइतकीच चिमूट ओढली, जेवायला बसला आणि खुर्चीवरून घसरला तो बेशुद्धच. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी मला फोन करून विचारलं, “यात नवीन काय घातलंय?” मी म्हटलं, “काहीच नाही. रसायन तेच आहे आणि तेवढंच आहे.” “मग हे इथे झोपलेत त्यांना उठवून सांगा तसं,” असं म्हणून त्यांनी फोन आपटला. राग आला, पण त्यांचं चुकलं कुठे ते मला सांगता येईना.

आता इथे थोडं शास्त्र येतं, पान उलटू नका. काही रेणूंना आपल्या हातांसारखं डावं-उजवं असतं. अणू तेच, जोडणीही तीच, पण एक रूप म्हणजे दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब. शरीराला हा फरक नेमका कळतो: एक रूप आत घट्ट बसतं आणि दुसरं नुसतंच दारात घुटमळतं. आमच्या नेहमीच्या यंत्राला मात्र तो कळत नाही. त्यासाठी एक खास नळी लागते. तिच्या आतला लेपच एका हाताचा असतो, म्हणून दोन्ही रूपं तिच्यातून मागेपुढे बाहेर पडतात. तशी नळी आमच्या कपाटात वेष्टणासकट पडून होती. पण ती बसवायची म्हणजे बाकीची कामं खोळंबणार, म्हणून साहेबांची परवानगी हवी. आमचे साहेब मूळचे हस्ताक्षरतज्ज्ञ. मी हात हा शब्द काढताच म्हणाले, “हात माझा विषय आहे, तू रसायनाचं बोल.”

साहेबांची एक सवय आहे. खुर्चीत बसले की टेबलाखाली बूट काढून ठेवतात. मी खाली वाकले, दोन्ही बूट उचलले आणि थेट त्यांच्या फायलींवर मांडले. (हो, मामा, कळतं मला. पण डोळ्यांसमोर तो बसचालक होता.) म्हटलं, “साहेब, हे तोलले तर वजन सारखं. फाडून तुकडे केले तरी चामडं सारखं, खिळे सारखे. आपलं यंत्र हेच करतं, रेणू फोडून तुकडे तोलतं. डावा कुठला होता, ते त्याला कसं कळणार?” साहेब म्हणाले, “आधी ते खाली ठेव.” मी ठेवले, आणि घाईत अदलाबदल झाली. तेवढ्यात तपासणीला आलेली समिती थेट दारात. साहेबांनी न बघता पाय खुपसले आणि त्यांच्याबरोबर निघाले. पाहुण्यांसमोर वाकून बूट बदलणं काही शोभेना. त्यांनी तशीच सगळी इमारत दाखवली, जिन्यांसकट. शेवटी परत आले, खुर्चीत बसले, बूट काढले, पायाची बोटं बराच वेळ चोळली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “लाव तुझी ती नळी.”

लावली. (पहिल्या खेपेला गळून माझा डगला भिजला, पण ते असो.) जुन्या पाकिटातलं जवळजवळ सगळं रसायन निकामी हाताचं निघालं आणि नव्यातलं जवळजवळ सगळं कामाच्या हाताचं. नाव एक, वजन एक, पण मारा कितीतरी पट. डॉक्टरीणबाईंना कळवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे यांनी जास्त काही घेतलंच नव्हतं. घरचे उगाच बोल लावतायत त्यांना.” सगळ्या इस्पितळांना इशारा गेला, दुकानाला टाळं लागलं. बसचालक शुद्धीवर आला तो “माझी बस कुठे लावलीय?” असं विचारतच. तोवर एक टिपूसही न काढलेली त्याची बायको तेव्हा हमसाहमशी रडली. गाडी मात्र त्याला इतक्यात चालवू देणार नाहीत.

घरातल्या थोरांना नमस्कार, आणि माझ्याहून लहान कुणी उरलं असेल तर त्याला आशीर्वाद.

तुमची भाची

ता. क. खरं काम राहिलंच. झोप लागत नाही म्हणून तुम्ही तसलंच चकचकीत पाकीट आणलंत आणि रोज निजताना त्यातली चिमूट उकळून काढा घेता, हे काल माझ्या धाकट्या भावाकडून कळलं. पहिलं पाकीट बाधलं नाही म्हणून दुसरंही बाधणार नाही, असं तुम्ही त्याला ऐकवलंत म्हणे. बसचालकाचंही हेच म्हणणं होतं. फोनवर तुम्ही “बरं, बरं” करून ठेवून देता, म्हणून हे पत्र धाकट्याच्याच हाती पाठवतेय. पाकीट त्याच्याकडे द्या. दिल्याशिवाय तो उठणार नाही, आणि बसला की तो किती जेवतो, हे तुम्ही जाणताच.

आणखी एक ता. क. लिफाफा चिकटवत होते तेवढ्यात मामीचा फोन आला. पाकिटावर बारीक अक्षरांत ‘माणसांनी सेवन करू नये’ असं छापलंय, ते तिने पहिल्याच दिवशी वाचलं होतं. दोन्ही पाकिटांतला पाला तिने बरणीत बंद करून माझ्यासाठी ठेवलाय आणि पाकिटांत चहाची पत्ती भरलीय. म्हणजे “रंग काय सुरेख उतरतो, आणि झोप तर अशी गाढ,” असं जे तुम्ही सगळ्यांना सांगत फिरताय, तो कोरा चहा आहे. मामीचा निरोप आहे की चिमूट जरा लहान घ्या, सकाळी पत्ती उरत नाही.