बिडाची शेगडी कोणाला

लिहून ठेवणार: हाल्वर तुफ्टे, वय तेवीस, शिक्षण अर्धवट, राहणार ग्रोनली, तोल्गा गावाच्या वरची डोंगरवस्ती, नॉर्वे.

मी हा कागद स्वतःच्या हाताने, कोणाच्या दडपणाशिवाय आणि न पिता लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. आईच्या मते ते ठिकाणावर असले तरी तापलेले असते. आज तेही नाही. सोमवारी मी ब्यॉर्नोया बेटावरच्या हवामान ठाण्यात वर्षभराच्या नोकरीवर चाललो आहे. मरायला चाललेलो नाही. पण तिथे समुद्र आहे, अस्वले आहेत, आणि मागची निरवानिरव करून या, असे ठाण्याच्या माणसाने बजावले आहे. सबब पुढीलप्रमाणे व्यवस्था करीत आहे.

१. ग्रोनलीचे लाकडी घर आजोबांकडून मला आले. ते आईला द्यावे. छपरावरचा बर्फ वेळेवर काढावा, नाहीतर उत्तरेकडची तुळई बसेल.

२. बर्चची फोडलेली लाकडे उताराखालचे शेजारी ओद्वार मोएन, म्हणजे ओद्वारकाका, यांना देण्याची इच्छा होती. परंतु ते साक्षीदार आहेत, आणि आमच्या कायद्याने साक्षीला सही करणाऱ्याला मृत्युपत्रातून काडीही मिळत नाही. म्हणून लाकडे मी त्यांच्या अंगणात आधीच टाकून आलो आहे. जिवंत माणसाने दिलेल्या लाकडांना कायदा लागत नाही.

३. ट्रोनहाइमच्या कॉलेजातली धातुशास्त्राची पुस्तके ज्याला हवी त्याने न्यावीत. जाळायची असल्यास पत्र्याच्या शेगडीत जाळावीत, लवकर पेटतील.

४. माझा मित्र तूर्गेर हाउगेन यास काही नाही. दुसरा साक्षीदार तोच असल्यामुळे त्याला मिळणारही नव्हते. मिळणार असते तरी दिले नसते. शेगडी वर आणताना घसरगाडीची दोरी याच्या हातात होती, आणि खाली जाऊन याने गावभर केले, "हाल्वरने दोघांना पुरेल एवढी शेगडी वर चढवली, राहणार मात्र एकटाच!"

५. सदर शेगडी. बिडाची, काळी, दारावर ओतीव हरीण. ती तोल्गा येथे शाळेची बस चालवणाऱ्या सुनिवा ब्रेन्ना हिला द्यावी. कारण लिहितो, नाहीतर आई विचारत बसेल.

दोन वर्षांमागे जुन्या शेगडीचा तळ गेला, तेव्हा सुनिवा आणि मी नवी बघायला दुकानात गेलो. ती पोलादी पत्र्याच्या शेगडीपाशी थांबली, मी बिडाच्या.

"ही बघ ना," ती म्हणाली. "काडी लावली की लगेच ऊब."

"आणि विझली की लगेच गार. जाळ थोडा वाढला की पत्रा वाकतो. बीड आपल्या नातवंडांना पुरेल."

"पुरेल रे. पण तापणार कधी? मी शुक्रवारी संध्याकाळी येणार, रविवारी खाली जाणार. तुझं बीड तापेस्तोवर माझी निघायची वेळ व्हायची."

"शुक्रवार ते रविवार? मग मी कॉलेज कशाला सोडलं?"

"मला विचारून सोडलंस का?"

दुकानदार मधे पडला. "अहो, नीट वापरली तर दोन्ही टिकतात. रोज राहणार असाल तर बीड घ्या, येऊन-जाऊन असाल तर पोलाद. रोज राहणार का, एवढंच सांगा."

"रोज!" मी ओरडलो. प्रश्न दोघांना होता.

ती बाहेर पडता पडता म्हणाली, "बीड वाकत नाही, हाल्वर, बरोबर आहे तुझं. ते तडकतं. तुझ्यासारखं."

त्या हिवाळ्यात ती काही शुक्रवारी आली. कोट अंगावर ठेवूनच बसायची. एखादे वेळी ती रविवारपर्यंतसुद्धा थांबायची नाही, शनिवारीच निघायची. मग येईनाशी झाली. मी रोज शेगडी पेटवतो, रोज राख काढतो. सुरुवातीला राग यायचा. आता लाकूड घालतो, दार लावतो, एवढेच.

शेगडी अजून तडकलेली नाही. हे तिला दिसावे म्हणून देत आहे.

वापराबाबत सूचना: गार बिडावर एकदम मोठा जाळ करू नये. आधी काटक्या, मग बारीक फोड, मग ओंडका. तापलेल्या अंगावर पाणी सांडू देऊ नये. घाई करू नये.

६. मी परत आलो तर हा कागद शेगडीत घालावा.

पुरवणी, सह्यांपूर्वी. सही दोन्ही साक्षीदारांसमोर एकाच वेळी व्हावी लागते. आज तूर्गेरची कंबर धरली, तो आला नाही. ओद्वारकाकांना बर्फातून पायी चढवत नाही, म्हणून त्यांना बर्फावरच्या स्कूटरवरून सुनिवा घेऊन आली.

"दुसरा साक्षीदार हवा ना?" काका म्हणाले. "ही आहे की! अठराच्या वर आहे, लिहिता येतं. आणखी काय पाहिजे?"

"तिची सही नको," मी म्हणालो. "मग पाचवं कलम रद्द होतं."

"पाचव्यात काय आहे?" सुनिवाने विचारले.

"शेगडी. तुला."

"कधी?"

"मी गेल्यावर."

"बेटावर गेल्यावर?"

"नाही. मेल्यावर."

तिने शेगडीच्या दाराकडे जरा वेळ पाहिले. मग हात पुढे केला. "पेन दे."

"सुनिवा, तुला काहीच मिळणार नाही."

"कायदा मलाही वाचता येतो. दे."

सबब कलम पाच रद्द. शेगडी कोणालाही दिलेली नाही. ती जागेवर आहे.

राख काढायची म्हणून ती मी सकाळी विझवली होती, आत्ताच पुन्हा पेटवली. काटक्यांनी धग धरली आहे, बीड अजून गार आहे. काका विचारतात, "किती लिहितोस रे? बोटं गोठली माझी." खोली तापायला बराच वेळ आहे. सुनिवाने कोट काढून खुंटीला लावला आहे. मृत्युपत्रात लिहायची ही गोष्ट नाही, पण सह्यांच्या वर दोन ओळींची जागा होती.

सही: हाल्वर तुफ्टे

साक्षीदार, दोघे समक्ष व एकाच वेळी:
ओद्वार मोएन
सुनिवा ब्रेन्ना

ठिकाण: ग्रोनली
शुक्रवार, २४ जानेवारी २०२०