उन्हात तोंड उघडून बघ

राजा पार्क, जयपूर
ता. ११ जानेवारी १९६१

चि. इंदूस पारूअक्काचा आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आम्ही तिघं धडधाकट आहोत. तुम्हीही असाल, कारण काही दुखत असलं की तू चार पानं लिहितेस, ह्या वेळी दोनच आली. तुझ्या आप्पासाहेबांना नमस्कार सांग.

इथे थंडी अशी की नळाचं पाणी बोटाला चावतं. सुमन कॉलेजात जायला लागल्यापासून मराठी विसरत चाललीय. परवा ताटावर बसून म्हणते, "आई, मतलब, मी भूख नाही." मी म्हटलं, तू कोण नाहीस ते सांगू नकोस, भाकरी खा.

तुझ्या दाजींची सिगारेट सुटली. सुटली म्हणजे मी सोडवली. छातीत घरघर व्हायला लागली तेव्हा मी पाकीट घेतलं आणि त्यांच्यादेखत शेगडीत घातलं. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बोलेनात का, तेवढीच शांतता. आता रोज पहाटे उठवून मोती डुंगरीच्या टेकडीपर्यंत चालवत नेते. वाटेत कुरकुर चालूच, "अगं, मी विमा ऑफिसातला कारकून, पलटणीतला शिपाई नव्हे." मी म्हणते, ते तुमचं पोट बघूनच कळतंय. डालडा घरात आणायचा नाही, बाजरीची भाकरी, पालेभाजी, रात्री उशिरा जेवण नाही. शेजारची सरदारणी म्हणते, "बहनजी, आपने तो भाईसाहब को फौजी बना दिया." ह्या घरात आता एकही व्यसन नाही, हे मी चारचौघांत सांगते. माणसाने आपली जीभ ताब्यात ठेवली तर डॉक्टरची पायरी चढावी लागत नाही.

ते असो. तू लिहितेस की आताशा तिखट सोसवत नाही, तोंडाची आग होते. उष्णता झालीय तुला. किती चहा ढोसतेस ते मला माहीत आहे. चहा सोड, सकाळी गुलकंद खा. आणि मशेरी दोनदा लावत असशील तर तीनदा लाव. लगेच चूळ भरू नकोस, थोडा वेळ गालात धरून ठेव. हिरड्या आवळून येतात. मीही तेच करते आहे. माझ्या उजव्या दाढेजवळ फोड आला होता, तो फुटला पण भरत नाही. दाढेचं टोक लागत असेल. सध्या भात मऊ कालवून खाते, दुसरं काही नाही.

तंबाखू संपत आलाय. इथला मशेरीला कामाचा नाही, तव्यावर टाकला की नुसता धूर. निपाणीचा मिळाला तर पार्सल कर. मी भाजायला बसले की सरदारणी खोकत दारात येते, "क्या जला दिया, बहनजी?" मी सांगते, दात घासायचं मंजन आहे आमचं. तिला काय कळणार. मशेरी लावल्याशिवाय मला परसाकडे होत नाही, हे तुला सांगायला नको, तुझंही तेच.

तुझ्या अलकाला आशीर्वाद. लेक सासरहून कधी येणार ते कळव.

तुझी
अक्का

---

जयपूर
ता. २३ एप्रिल १९६१

चि. इंदूस आशीर्वाद.

पार्सल पोचलं. त्याबद्दल पुढे लिहिते. सुमनची परीक्षा झाली. काल धुळीचं वादळ आलं, वाळत घातलेल्या कुरडयांवर बोटभर धूळ बसली, सगळ्या फेकल्या. तुझ्या दाजींचं पोट उतरलंय. विजारी ढिल्या झाल्यात, त्या आत घ्यायच्या आहेत. मला झालं नाही.

मला झालं नाही, कारण मी आजारी आहे. हे म्हणत होते, मी लिहितो इंदूला. मी म्हटलं, तुम्ही गोड लिहाल, आणि गोड लिहिलेलं तिच्या डोक्यात शिरत नाही.

तो फोड भरला नाही. इथे राजा पार्कात एक डॉक्टर आहे, पंजाबी, भला माणूस. त्याने तोंडात बॅटरी मारून बघितलं आणि विचारलं, "माताजी, तंबाकू खाती हैं?" मी म्हटलं, नाही. "पान? ज़र्दा?" नाही. "बीड़ी, हुक्का?" तेव्हा मला राग आला. मी म्हटलं, हमारे घर में कोई व्यसन नहीं, इनकी सिगारेट भी मैंने छुड़वाई. तो हसला, माफी मागितली, आणि जांभळं औषध लावायला दिलं. ते मी मुकाट्याने लावत राहिले. त्यावर मशेरी लावत राहिले, कारण मशेरीने ठणका कमी व्हायचा.

मी खोटं बोलले नाही, इंदू. तूच सांग, आपण कधी तंबाखू खाल्लाय? खाणारी माणसं वेगळी. दारात थुंकतात ती. आपण दात घासतो. न्हाणीघरात जाऊन, चूळ भरून, तोंड धुऊन बाहेर येतो. देवाला फूल वाहायच्या आधी लावतो. ते व्यसन कसं असेल?

मग गाल सुजला, तोंड उघडेनासं झालं. घास आत जायला बोटाने ढकलावा लागायचा. सुमनने हट्ट केला आणि मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरनेही तेच सगळं विचारलं, मीही तेच सांगितलं. तो लिहून घेत होता. एकाएकी सुमन म्हणाली, "आई मशेरी लावते ना."

डॉक्टर म्हणाला, "वो क्या होता है?"

सुमनला सांगता येईना. मग मीच सांगितलं. तंबाखू तव्यावर काळा होईपर्यंत भाजायचा, कुटायचा, बोटाने दातांना लावायचा. सांगताना मला वाटत होतं, चांगला प्रश्न विचारला ह्याने, दात किती पक्के आहेत ते आता म्हणेल. त्याने पेन खाली ठेवलं. "कब से?" मी म्हटलं, लग्नाच्या आधीपासून. "आपके यहाँ और औरतें भी करती हैं?" मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, घरोघरी. आई करायची, माझी बहीण करते.

त्याने पुन्हा तोंडात बघितलं. ह्या वेळी बराच वेळ बघितलं, आणि सुमनला बाहेर बसायला सांगितलं. मी म्हटलं, तिला कशाला बाहेर पाठवता, मला हिंदी अर्धंच कळतं. तेव्हा त्याने तिच्यासमोरच सांगितलं, गालाचा तुकडा काढून तपासायला हवा. तुकडा पाठवला, त्याचा रिपोर्ट परवा आला. कॅन्सर आहे. घे, लिहिला एकदाचा. गाल आणि खालच्या जबड्याचं हाड कापून काढणार आहेत. तारीख द्यायची आहे.

आता तुझं. रडत बसू नकोस, पुढचं वाच.

जानेवारीत मी तुला लिहिलं होतं, तीनदा लाव, गालात धर. ते पत्र फाड. माझंही असंच सुरू झालं होतं, तिखट लागून. गेल्या पावसाळ्यात. ठेच्याने डोळ्यांत पाणी यायला लागलं तेव्हा मी मिरच्यांना दोष दिला, इथल्या मिरच्याच जहाल म्हणून. तुझं पत्र आलं तेव्हा मी वाचलं आणि तुला शहाणपण शिकवलं.

आरसा घे आणि अंगणात जा. घरात बघू नकोस, घरात काही दिसत नाही. दुपारच्या उन्हात तोंड उघडून बघ. गाल बोटाने बाहेर ओढ. जिथे मशेरी धरतेस तिथे आत पांढरं दिसतं का, दुधावर साय धरल्यासारखं? दिसलं तर त्याच आठवड्यात मिरजेच्या दवाखान्यात जा आणि डॉक्टरने विचारायच्या आधी सांग, मी तंबाखूची मशेरी लावते. तंबाखू हा शब्द तोंडाने उच्चार. हा डॉक्टर म्हणाला, पांढरं आहे तोवर सोडलं तर पुष्कळांचं परत बरं होतं. माझं पांढरं कधी होतं ते मी बघितलंच नाही.

तू पाठवलेला तंबाखू मी सुमनसमोर कचऱ्यात टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी पोट साफ होईना, डोकं फुटायला लागलं, हातांना कंप सुटला. मी त्या कचऱ्यापाशी जाऊन उकिडवी बसले होते. सुमनने दंडाला धरून उठवलं. हे तुला सांगते ते लाज सोडून. सोपं नाही ते मला कळलं. ह्यांची सिगारेट शेगडीत घातली तेव्हा मी त्यांना नाही नाही ते बोलले होते. हे मात्र मला एक शब्द बोलले नाहीत. सकाळी गरम पाणी आणून देतात आणि बाजूला बसतात.

आप्पासाहेबांना हे पत्र वाचायला दे. लपवू नकोस.

अक्का

---

जयपूर
ता. ९ सप्टेंबर १९६१

इंदू,

ऑपरेशन झालं हे तुला ह्यांनी कळवलंच. उजवीकडचा जबडा नाही. जीभ आहे पण ती कुठे टेकवायची ते तिला कळत नाही, त्यामुळे मी बोलते ते फक्त मला समजतं. सुमनची शाळेतली पाटी काढलीय, तिच्यावर लिहून बोलते. दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईला आता सगळा संसार लिहून करावा लागतोय. भाजीवाल्याशीही. हे म्हणतात, "पाटीवर तरी जरा हळू बोल." मी अक्षर मोठं काढते ना.

पेज, ताक, वरणाचं पाणी. चोच असलेल्या कपाने डाव्या बाजूने ओतायचं, अर्धं बाहेर येतं. बाजरीची भाकरी आता हे आणि सुमन खातात, मी वासावर समाधान मानते. पहाटे अजून चालायला जातो, पण अंधार असतानाच, उजाडायच्या आत परत. इथल्या बायका घूंघट घेतात. आता मीही पदर नाकाखाली ओढून धरते, दुधाच्या रांगेत कुणाला काही वाटत नाही. घरात पट्टी हे बदलतात. तेव्हा सुमनला मी बाहेर घालवते.

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा मला वाटलं मी चुकीचं वाचतेय.

तू लिहितेस, "आरशात बघितलं, थोडं पांढरं आहे, पण दुखत नाही." दुखत नाही. माझंही दुखत नव्हतं. दुखत असतं तर तू आणि मी दोघी पळत गेलो असतो.

तू लिहितेस, "मशेरी पुष्कळ कमी केली, आता फक्त सकाळची, नाहीतर परसाकडे होत नाही." इंदू, मी तुझी बहीण आहे. फक्त सकाळची म्हणजे सकाळी, जेवल्यावर आणि कुणी आलं की, हे मला सांगायला नको. आणि परसाकडचं म्हणशील तर होतं. चार-आठ दिवस हाल होतात, मग गरम पाण्याने आणि पालेभाजीने होतं. मला झालं.

तू लिहितेस, "आईने जन्मभर लावली, शेवटच्या दिवशी मागून घेतली, तिला काही झालं नाही. अक्का, तुझा भोग होता." आईला नाही झालं. मला झालं. तू आईवर जाणार की माझ्यावर, हे तुला कुणी सांगितलं? इथल्या डॉक्टरला मी पाटीवर लिहून विचारलं, कुणाला होतं आणि कुणाला नाही, हे आधी कळतं का? तो म्हणाला, "नहीं माताजी, बाद में ही पता चलता है." भोगाचं मला सांगू नकोस. आपण रोज आपल्या हाताने भाजत होतो.

हे सगळं मी सोसलं असतं. पण शेवटी तू लिहिलंस, जसं काही चांगली बातमी द्यावी तसं, की अलकाला दिवस गेलेत, तिला मळमळतं, म्हणून तिलाही जराशी लावायला देतेस आणि तिला बरं वाटतं.

ते वाचून मी पाटी हातात घेतली आणि परत खाली ठेवली. हे विचारत राहिले, काय झालं, काय झालं. पत्रच त्यांच्या हातात दिलं. तुझ्या दाजींना तू आयुष्यात कधी चिडलेलं बघितलं नाहीस. त्या दिवशी बघितलं असतंस.

आता ऐक. हे फक्त ह्यांना माहीत आहे, सुमनला नाही. मानेत पुन्हा गाठ लागते. डॉक्टरने हात लावून बघितली आणि यंत्राने किरणांचा शेक द्यायचं बोलला, पण माझ्याकडे न बघता बोलला. तेव्हा दिवाळीनंतर येऊ, अलका मोकळी झाल्यावर येऊ, असलं काही लिहू नकोस.

पत्राने तुला पटत नाही ना, मग ये. आप्पासाहेबांना सांग, तिकीट काढून दे म्हणावं. अलकाला घेऊन ये. असल्या दिवसांत प्रवास करू नये म्हणतील, पोटुशीला असलं काही दाखवू नये म्हणतील. मी दाखवणार आहे. मी अजून पोटच्या पोरीला दाखवलेलं नाही, पण तुम्हा दोघींना दाखवणार आहे. दिवसाउजेडी खिडकीपाशी बसवीन आणि पदर खाली घेईन. तुम्ही नजर फिरवलीत तर हनुवटीला धरून इकडे करीन, तेवढी ताकद आहे. सगळं नीट बघा. आत हाड नाही ते बघा, लाळ कुठून गळते ते बघा, मी तुमच्याशी बोलायचा प्रयत्न करीन तेव्हा काय आवाज येतो तो ऐका.

मग माझ्यासमोर तुझी डबी काढ, इंदू, आणि त्या पोरीच्या बोटाला लाव. तुझा हात पुढे झाला तर मी तुला अडवणार नाही.

वाट बघत बसायला मला सवड नाही.

पारूअक्का