कानाचा आकडा

प्रिय प्रणाली,

होळीला आलीस तेव्हा माझ्या मोबाइलमध्ये तुमच्या कंपनीचा तो बेसबॉलचा गेम टाकून गेलीस आणि वर म्हणालीस, "बाबा, फुकट आहे." फुकटाचा हिशेब ऐक. चार रविवारची दुपारची झोप गेली. गॅसवरचं दूध दोनदा उतू गेलं, दोन्ही वेळा मी तिथंच खुर्चीवर बसलेलो. बार्शीटाकळीचं जुनं गिऱ्हाईक पंपाची जळलेली मोटर घेऊन दुकानात आलं, काका काका करत उभं राहिलं आणि शेवटी "रामरावकाका आज मोबाइलचीच मोटर बांधून राहिले" असं म्हणत दुसऱ्या दुकानात गेलं. एवढं सगळं घालवून मला मिळालं काय? तर चौतिसाव्या वर्षी निवृत्ती. हे तुला फोनवरच सुनावलं असतं. पण तीन आठवडे झाले, तू आईचा फोन घेतेस आणि माझा घेत नाहीस. त्या विषयावर मी येणारच आहे. आधी भांडण.

तू माझ्याच नावाचा खेळाडू बनवून दिलास. रामराव, सेंटर फिल्ड, म्हणजे मैदानात मागे मधोमध उभा राहून उंच चेंडू झेलणारा, वय वीस. धावणं, फेकणं, फटका, नजर, प्रत्येकाला शंभरपैकी आकडा. खेळाडू वयात येतो, बहरतो आणि म्हातारा होतो, तो भाग तू स्वतः लिहिलास, हे मी अमरावतीत निम्म्या गावाला सांगून बसलो आहे. म्हणून तर राग जास्त. बटण दाबलं की वर्षं सरकतात. सत्ताविसाव्या वर्षी रामराव तुझ्या आकड्यांच्या टेकडीच्या माथ्यावर, तिशीनंतर उतार, आणि चौतिसाव्या वर्षी पडद्यावर पाटी: संघाने तुम्हाला मुक्त केले आहे. मुक्त! मी काय पिंजऱ्यात होतो? मी पुन्हा नवा रामराव बनवला. तो पस्तीसला गेला. तिसरा तर तेहेतिसाव्या वर्षीच. माणूस म्हणजे काय घाटातून उतरणारी एसटी आहे, की ब्रेक सोडला की खालीच?

अगं, मला कोणी मुक्त केलं नव्हतं. बाविसाव्या वर्षी मी राज्याच्या बेसबॉल संघात जाता जाता राहिलो आणि तेविसाव्या वर्षी, पाय वाऱ्यासारखे पळत असताना, मीच ग्लोव्ह खुंटीला टांगला. बडनेऱ्याच्या मिस्त्रीकडे मोटर बांधणं शिकायला जागा रिकामी झाली होती आणि अंजनगावहून वांग्याच्या गाडीत बसून आलेल्या पोराला मैदान काही जेवू घालत नव्हतं. तुझ्या खेळात असं बटण कुठे आहे? आणि पंचवीस वर्षांनी, तीन दुकानं उभी करून, पोट सुटल्यावर माणूस खुंटीवरचा ग्लोव्ह काढून परत येतो, ते बटण कुठे आहे? तू म्हणशील, आमच्याकडे हजारो खेळाडूंचे खरेखुरे आकडे आहेत. असतील. पण ते टिकलेल्यांचे आहेत. जे तेविसाव्या वर्षी उठून गेले, त्यांची टेकडी तुम्ही मोजलीच नाही. दुकानात परत आलेल्या मोटरीच तेवढ्या बघून मी म्हणू लागलो, की जगातली प्रत्येक मोटर जळते, तर लोक मला हसतील.

आणि आमच्या संघातला आपला गोपालकाका? जवानीत इतका सुस्त होता, की एका बेसवरून दुसऱ्या बेसकडे निघाला की आम्ही म्हणायचो, गोप्या, डबा सोबत घे. आता साठीला टेकला आहे आणि चेंडू कुठे पडणार ते फटक्याआधीच ओळखून तिथं जाऊन उभा असतो. पळतच नाही. तुझ्या टेकडीवर त्याला कुठे बसवशील?

पण माझा खरा संताप वेगळाच आहे. पाय मोजलेस, खांदा मोजलास, डोळे मोजलेस. कानाला आकडाच नाही! सेंटर फिल्डला उभा असलेला माणूस आधी ऐकतो, मग बघतो. बॅटचा कोरडा 'टक्' आला की मागे पळायचं, भरड 'ठप्प' आला की पुढे. अर्धं आयुष्य मी मोटरीला स्क्रूड्रायव्हर लावून, त्याची मूठ कानाला टेकवून कोणतं बेअरिंग गेलं ते सांगत आलो. गुडघे जातात, नजर जाते. कान म्हातारे होत नाहीत, पोरी. लिहून ठेव, असं मी एकदा तुमच्या गेमलाच मोठ्यानं सांगितलं.

मग दोन रविवारांपूर्वी अकोल्याला आमची म्हाताऱ्यांची मॅच झाली. तुला माहीत आहे, उंच चेंडूमागे दोघं धावले की जो घेणार तो ओरडतो "माहा!", आणि जो सोडणार तो ओरडतो "तुहा!" शेवटचा चेंडू माझ्या आणि गोपालच्या मधोमध चढला. मी त्याच्या खाली पोचलोच होतो. गोपाल ओरडला, "माहा!" मी थांबलो. तोही थांबला. चेंडू आमच्यामध्ये लग्नघरातल्या अनोळखी पाहुण्यासारखा येऊन पडला, कोणी विचारलं नाही, आणि मॅच गेली. मी भर मैदानात त्याला झापलं, "गोप्या, माहा म्हनून बोंबलला अन् उभाच राह्यला?" तो म्हणाला, "अबे, तुहा म्हनलो मी, तुहा! अख्ख्या अकोल्यानं आयकलं, फक्त तुले नाही आयकू आलं." येताना रेल्वेत बडनेऱ्यापर्यंत आम्ही एका बाकावर एकमेकांकडे पाठ करून बसलो.

घरी येऊन आईपुढे गोपालची गाऱ्हाणी मांडली. ती पोळ्या लाटता लाटता थांबली आणि म्हणाली, "आन् पोरीले तुमी काहून तसं बोलले?" मी म्हटलं, काय बोललो? मग तिनं सांगितलं. तीन आठवड्यांपूर्वी तू फोनवर विचारलंस, "किशोरला आणू का घरी?" मला ऐकू आलं, "कूलर आणू का घरी?" आणि मी मोठ्या मनानं म्हणालो, "काही गरज नाही. बाहेरचा इथं टिकत नाही. दोन उन्हाळ्यांत कुरकुर सुरू करतो, मग भंगारातच द्यावा लागतो." त्यावर तू फोन ठेवलास, मला वाटलं, रेंज गेली. प्रणाली, म्हणून हे पत्र. फोनवर "हो हो" म्हणून मी आईकडे फोन द्यायचो, ते रुसून नव्हे, ऐकू येत नाही म्हणून. गेमातल्या रामरावाचा आकडा घसरला की लाल होतो, त्याला लगेच दिसतो. इथं मला लाल काही दिसलं नाही. मला वाटायचं, जगच हल्ली पुटपुटायला लागलं आहे. तर कानाचा आकडा खेळात घाल, पण तो खेळाडूला दाखवू नकोस. त्याच्या घरच्यांना दाखव. आणि किशोरला आण, लवकर आण. तो कुठला, काय करतो, तुमचं कसं जुळलं, सगळं मला समोर बसून ऐकायचं आहे. गोपालकडे चहा पिऊन आलो, त्याची माफीही मागून झाली. मंगळवारी दोन्ही कानांत मशीन बसवलं. घरात पाऊल टाकलं तर आपल्या कूलरचं बेअरिंग किंचाळत होतं. आई म्हणते, दोन उन्हाळे झाले.

तुझाच,
बाबा