शेजारच्या सीटचा पट्टा

आई,

पायांवर डोकं ठेवतो, मगच पुढे लिहितो. मी मजेत आहे, वेळेवर जेवतो. तुझा गुडघा काय म्हणतोय?

दादा गेल्यापासून आम्ही दोघांनी बांधलेलं विमान मी एकटाच उडवतो. वर जाऊन इंजिन बंद करायचं आणि कुठल्या वेगाला ते सर्वांत लांब तरंगत जातं, ते मोजायचं. घाबरू नकोस, धावपट्टी खालीच असते.

वजन जास्त, तर हा वेगही जास्त. मी एकटा असूनही माझा दर वेळी दोन माणसांच्या वजनाइतका येतो. वेग दाखवणारा काटा बिघडला असेल म्हणून बदलला. तरी तेच.

दादाच्या रिकाम्या सीटचा पट्टा आपटू नये म्हणून बांधून ठेवतो. काल वाटलं, सोडून बघावा. हात धजेना. उद्याच्या मोजणीत मी एकटाच निघालो, तर?

तुझा धाकटा