वास न येणारं पाणी

रॉकफर्ड,
११ ऑक्टोबर १९९८

चि. सिग्ने हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. तुझ्या कानांनी फोनशी काडीमोड घेतल्यापासून मला म्हातारपणी शुद्धलेखन गिरवावं लागतंय, त्याचं पाप तुझ्या माथी.

बातमी मोठी आहे. गॅरेजमधल्या लेथचं कूलंट मी अखेर वठणीवर आणलं. लेथवर लोखंड कातताना तापू नये म्हणून त्यावर सोडतात ते दुधाळ पाणी गं, नाक मुरडू नकोस! त्याचा कुजका वास थेट स्वयंपाकघरात येतो, वेलदोड्याच्या पावालाही लागतो, अशी तुझ्या वहिनीची तक्रार होती. म्हणून उन्हाळ्यात टाकीत माशांच्या पेटीतला हवेचा पंप सोडला, वर तरंगणारं तेल निपटायला फिरती चकती बसवली आणि जंतू मारायचं औषध घातलं. जाड तोटी काढून बारीक भोकाची लावली, पाण्याचा जोर वाढवला. आता नुसतं धुकं उडतं. वास नावाला नाही. कारखान्यात आम्ही दर सोमवारी सकाळी नाकानंच पाणी तपासायचो. वास नाही म्हणजे पाणी चांगलं, मग खुशाल काम सुरू करायचं.

तुझी व्हर्नावहिनी आता दुपारभर माझ्याशेजारी स्टूल टाकून बसते, कातलेल्या तुकड्यांच्या कडा कानशीनं घासते. थंडीमुळे दार लावूनच घेतो. तिला जरा खोकला आहे, पण तो हवेचा. पुढच्या महिन्यात ती तुझ्याकडे येईल. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा,
आल्गोत

डुलुथ,
२९ नोव्हेंबर १९९८

ती. आल्गोतदादास,
कृ. शि. सा. न. वि. वि. वहिनीला काल बसमध्ये बसवून दिलं. बरोबर राईची बिस्किटं दिली आहेत, एकटाच फस्त करू नकोस.

दादा, ती आली तेव्हा माझ्या दारातल्या सहा पायऱ्यांत दोनदा थांबली. पाचव्या दिवशी खोकला कमी झाला. दहाव्या दिवशी आम्ही सरोवराच्या काठानं चर्चपर्यंत चालत गेलो, ती पुढे आणि मी मागे! इथली हवा तुमच्याकडच्यापेक्षा बोचरी. मग हवेचा खोकला इथं बरा कसा झाला?

मी जन्मभर शाळेत पोरांना रांधून वाढलं, मला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. पण खोट तुझ्या गॅरेजमध्ये आहे. वहिनीला तसं म्हटलं तर तिनं विषयच बदलला. तिला तिथं बसवू नकोस, डॉक्टरला दाखव. लहान तोंडी मोठा घास घेतला म्हणून माया पातळ करू नये, ही विनंती.

तुझी,
सिग्ने

रॉकफर्ड,
६ डिसेंबर १९९८

चि. सिग्ने हिस,
अ. उ. आशीर्वाद. एकतीस वर्षं लेथवर काढली, आता तू मला पाणी शिकवणार? टाकीत डोकं घालून हुंगलं. पावसाचं पाणी बरं म्हणायचं, इतकं स्वच्छ.

व्हर्ना पुन्हा खोकते, पण ते बसच्या प्रवासानं. मी तिला म्हटलंसुद्धा, नणंदेकडे ठणठणीत असतेस आणि माझ्याकडे आलीस की तुझी नाटकं सुरू. हसली बिचारी. आमची काळजी नसावी. लोभ असो.

आल्गोत

रॉकफर्ड,
२४ जानेवारी १९९९

चि. सिग्ने,
तुला आशीर्वाद द्यायला तोंड राहिलं नाही, तरी अनेक आशीर्वाद.

नाताळनंतर व्हर्नाला रुग्णालयात न्यावं लागलं. फुफ्फुसाचा काही भाग ताठ झालाय, तो परत सैल होणार नाही. उरलेला वाचेल, पण त्या हवेत तिनं पुन्हा पाऊल टाकायचं नाही. डॉक्टरीणबाईंनी टाकीतलं पाणी तपासायला मागवलं. माझ्या औषधानं वास करणारे जंतू मेले होते. ज्यांना वास नाही ते औषधाला पुरून उरले आणि मोकळं रान मिळाल्यावर माजले. माझ्या बारीक तोटीनं ते धुक्यातून तिच्या छातीत घातले. सगळ्यांनाच बाधतं असं नाही म्हणे. मला काहीही झालेलं नाही, आणि तेच जास्त सलतं.

टाकी रिकामी केली, लेथ विकायला काढला. पण तिला सांगायची हिंमत होईना. तीन दिवस तिच्या उशाशी बसून मी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. काल सांगितलं. म्हटलं, व्हर्ना, हे मी केलं.

ती म्हणाली, तिला ठाऊक होतं. तुझ्याकडे असतानाच तिच्या लक्षात आलं होतं. मी ओरडलोच, मग बोलली का नाहीस, परत येऊन तिथं बसलीस का! मला शांत होऊ दिलं आणि म्हणाली की, कारखाना बंद पडल्यावर दोन वर्षं मी खिडकीशी बसून होतो, तिच्याशीसुद्धा धड बोलत नव्हतो. लेथ सुरू झाला तसा पुन्हा बोलायला लागलो. तिला ते शेजारी बसून ऐकायचं होतं.

सिग्ने, मी त्या सगळ्या दुपारी फक्त तोट्या आणि पंपांबद्दल बोललो गं.

शनिवारी तिला घेऊन तुझ्याकडे निघतो. तिच्यावर आहे तसाच माझ्यावरही लोभ ठेवशील का, हे विचारायला लाज वाटते. तरी विचारतो.

तुझा भाऊ,
आल्गोत