शाळेची मागची भिंत

३ मार्च, मंगळवार
भोकं पाडतायत! डोळ्यांनी बघून आलो. सुनेचा डबा घरीच राहिला, तो द्यायला गेलो होतो. ती त्या नव्या स्मारकात कारकून आहे. जुन्या शाळेचंच स्मारक करतायत. लढाईत आपल्याच सैन्याने छत्तीस माणसं शत्रूला फितूर म्हणून तिथे भिंतीशी उभी करून मारली. पन्नास वर्षं झाकलं. आता बाहेरचे पाहुणे यायचेत, म्हणून सरकारला कळवळा!

समोरच्या भिंतीचा गिलावा खरवडला, तर भोक एक सापडेना. मग आणलं ड्रिल. सगळी भोकं एका रेषेत, हात-हात अंतरावर, छातीच्या उंचीला. गोळ्या काय कवायत करत येतात? गोळीने वीट वाटीसारखी फुटते. ही नुसती चाळण.

खरी भिंत मागची. तिला आता मुताऱ्या टेकल्यात. मला ठाऊक — दुसऱ्या दिवशी मीच तिची भोकं बुजवली.

सांगायचं नाही. सांगितलं की विचारतील, तुम्ही तिथे कसे?

४ मार्च
झोप नाही. रक्तदाबाचं औषध घेतलं की नाही, आठवत नाही.

६ मार्च, शुक्रवार
सून म्हणाली, "बाबा, फलकाचा मजकूर ठरला. दोन्ही बाजूंनी चुका झाल्या, असं लिहिणार."

चूक म्हणजे चहात मीठ पडणं! म्हटलं, "त्या छत्तीस जणांची बाजू कुठली? भिंतीकडची?" हसली. मग म्हणाली, "तुम्ही यात पडू नका हं. माझी नोकरी आहे तिथे."

नाही पडत. मी चौथी शिकलेला, मला कोण विचारतो. कोणी विचारू नये, एवढंच मागणं.

९ मार्च, सोमवार
आज पुन्हा गेलो. पाय ऐकत नाहीत.

एक बाई आली होती, साठीची. तिचे वडील आणि धाकटा भाऊ त्या छत्तिसांत. ड्रिलच्या भोकात बोट घालून उभी राहिली. सहा दिवसांचं भोक! स्मारकाचे साहेब शेजारी मान खाली घालून — नाटक्या!

बाई म्हणाली, "भाऊ एवढासाच होता हो. मग ही भोकं सगळी इतकी वर कशी?"

साहेब म्हणाले, "काय आहे ताई, इतक्या वर्षांत जमीन खचते."

जमीन खचते! जनाची नाही, मनाची तरी. बाईने बिचारीने मान हलवली. खरंच मानलं तिने.

१० मार्च
छिन्नी-हातोडा घेऊन गेलो. मुतारीच्या बाजूला बोटाने टकटक करत सरकलो. एके ठिकाणी आवाज बद्द आला. हाणला. गिलाव्याचा पापुद्रा सुटला.

साहेब धावत आले. "ओ आजोबा! सरकारी मालमत्ता आहे ही!"

"मग सरकारनेच बघावं."

तीन भोकं निघाली. गुडघ्याच्या जरा वर. साहेब वाकून बघू लागले. मागे सून उभी, तोंडावर पदर.

साहेबांनी विचारलंच. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"मी बुजवली."

"हं," म्हणाले. बस्स! पुढे काही नाही. पुढचं सगळं जिभेवर आणून उभा होतो मी, आणि हा माणूस फोन लावायला गेला.

१५ मार्च, रविवार
आता साहेब सांगत सुटलेत, मागच्या भिंतीचा संशय त्यांना पहिल्यापासून होता. समोरची भोकं पुट्टी भरून गुळगुळीत केली. तेवढं काम मात्र वेळेत!

आणि माझा फोटो लावणार म्हणे. खाली 'सत्य जपणारा गवंडी'. सून शेजारपाजारी सांगत फिरते, "आमचे बाबा!" मूर्खांचा बाजार. पन्नास वर्षांत एवढं शिकले — पहिल्या उत्तराशी थांबायचं.

२२ मार्च
उद्घाटन झालं. त्या बाईने माझा उजवा हात दोन्ही हातांत धरला. "या हाताने जपलंत, दादा."

पलटणीत गवंडीकाम येणारा मी एकटाच, म्हणून बुजवायला मला ठेवलं. आदल्या दिवशी या हातात बंदूक होती.

मी हात सोडवून घेतला नाही.